भगर, मोरधन, कुटकी, कांगनी: माझ्या कुंडीत उगवले ते नेमके कोणते गवत?

रामबागची गच्ची (इंदूर)

नमस्कार. आमच्या घरी एकादशीला भगर होते. सियागंजातल्या दुकानात तीच मोरधन म्हणून मागावी लागते आणि पुडीवर मात्र 'समा के चावल' असे छापलेले असते. हे धान्य वाढताना दिसते तरी कसे, या कुतूहलापोटी आषाढातला पहिला चांगला पाऊस झाल्यावर मी गच्चीवरच्या एका कुंडीत मूठभर भगर पेरली आणि शेजारच्या कुंडीत पक्ष्यांसाठी आणलेली कांगनी टाकली. कांगनी चौथ्या दिवशी दाट उगवली आणि आता तिला बाटली धुण्याच्या ब्रशासारखी केसाळ, वाकलेली कणसे आली आहेत. भगरीच्या कुंडीत मात्र पंधरा दिवस काहीच हालचाल नव्हती. नंतर तीनच रोपे वर आली. त्यांच्या पानांवर आडवे जांभळट पट्टे आहेत आणि कणसाच्या दांड्यावर आखूड आखूड फांद्या असून त्यांना हिरवट-जांभळे बारीक दाणे चिकटलेले आहेत. केस नाहीत.

दुकानदाराचे म्हणणे असे, की कांगनी, मोरधन, कुटकी हे सगळे एकच 'मोटा अनाज', फक्त दाणा लहानमोठा. माझ्या दोन कुंड्या पाहता ते पटत नाही. भगर ही नेमकी कोणती वनस्पती आहे, आणि पहिल्या कुंडीतली तीन रोपे भगरीचीच समजावी काय?

सुदामानगरवाले (इंदूर)

आपण भगर पेरली आणि गवतासारखे रोप आले, म्हणजे ती भगरच. भगर म्हणजे सावा, त्यालाच हिंदीत समा म्हणतात, आणि कोदो-कुटकी ही त्याचीच गावठी नावे आहेत. डिंडोरी-मंडल्याकडून येणारा माल इथे याच नावाने विकला जातो. यात फार खोलात जाण्यासारखे काही आहे, असे मला वाटत नाही.

तृणपर्ण (इंदूर)

खोलात जाण्यासारखे बरेच आहे. तीस वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवताना दरवर्षी हाच गोंधळ मी वर्गात ऐकला आहे, त्यामुळे उत्तर लांबले तर सांभाळून घ्यावे.

पहिली गोष्ट अशी, की भगर हे स्वयंपाकघरातले नाव आहे. तूस काढलेल्या, पांढरट, बारीक, गोल दाण्याला आपण भगर म्हणतो, आणि बाजारात या एका नावाखाली निदान दोन वेगळ्या गवतांचे दाणे येतात. एक सावा, म्हणजे एकिनोक्लोआ फ्रुमेन्टेसिया. दुसरी वरी, जिला मध्य प्रदेशात कुटकी म्हणतात, म्हणजे पॅनिकम सुमात्रेन्स. तूस निघाले, की दोन्ही दाणे इतके सारखे दिसतात, की नुसत्या डोळ्यांनी ओळख पटवणे कठीण होते. शेतात मात्र दोन्हींत गल्लत होणे शक्य नाही. साव्याचे कणीस गच्च असते. जाडसर फांद्या मुख्य दांड्याला बिलगून आत वळलेल्या असतात आणि दाणे दाटीवाटीने बसलेले असतात. कुटकीचे कणीस याउलट मोकळे असते. दोऱ्यासारख्या बारीक फांद्यांच्या टोकांना एकेक गुळगुळीत, चकचकीत दाणा लोंबत असतो आणि वाऱ्याची झुळूक आली, की सगळा झुबका हलतो.

कोदो तर या दोघांपासून आणखी दूरचा. 'कोदो-कुटकी' हा जोडशब्द आपण भाजी-भाकरीसारखा एका दमात उच्चारतो, पण कोदो, म्हणजे मराठीतला हरीक किंवा कोद्रा, हा पास्पॅलम या वेगळ्या प्रजातीचा आहे. त्याच्या कणसाला दोन ते सहा फांद्या असतात, प्रत्येक फांदीचा कणा पट्टीसारखा चपटा असतो आणि त्याच्या एका बाजूला दाणे बटणे लावल्यासारखे ओळीत बसतात. पिकल्यावर त्यांचे तूस तपकिरी आणि शिंपल्यासारखे कठीण होते. म्हणूनच कोदो कांडणे हे सर्वांत कष्टाचे काम.

आपली कांगनी म्हणजे मराठीतले राळे, सेटारिया इटालिका. तिच्या कणसावरचे केस हे तुसाचे कुसळ नव्हे. कणसाच्या ज्या उपफांद्यांवर फुले धरलीच नाहीत, त्या वांझ फांद्यांचे ते केस झालेले असतात. भिंगातून पाहिल्यास केसाचा उगम दाण्याच्या देठाशी दिसेल. गव्हाचे किंवा भाताचे कुसळ तुसाच्या टोकातून निघते, त्यामुळे दोन्ही वरवर सारखे दिसले, तरी मुळात वेगळे अवयव आहेत.

आता आपल्या पहिल्या कुंडीविषयी. दुकानातली भगर सहसा उगवत नाही. राळे, सावा, कुटकी, कोदो या सर्वांच्या कणसात दाण्याभोवती दोन तुसे घट्ट मिटलेली असतात आणि ती इतकी कठीण असतात, की गिरणीत घासल्याशिवाय सुटत नाहीत. या घासण्यात दाण्याच्या बुडाशी असलेल्या अंकुराला इजा होते, पुष्कळदा तो निखळून जातो. भगरीचा दाणा काळ्या कागदावर ठेवून भिंगाखाली धरा, म्हणजे एका बाजूला खाच दिसेल. अंकुराची जागा तीच. ती रिकामी असेल, तर पेरलेले बी नसून केवळ पिष्ट आहे. पक्ष्यांची कांगनी तुसासकट विकली जाते, म्हणून ती उगवली.

मग ती तीन रोपे कुठली? पानांवरचे आडवे जांभळे पट्टे आणि आखूड, उघड्या फांद्यांचे कणीस ही लक्षणे रानसाव्याची, म्हणजे एकिनोक्लोआ कोलोनाची आहेत. हे तण पावसाळ्यात इंदूरच्या प्रत्येक ओलसर कोपऱ्यात, गटारांच्या कडेला आणि कुंड्यांच्या मातीत येते. योगायोग असा, की आपला लागवडीचा सावा याच तणापासून भारतात घडवला गेला. दोघांत गुणसूत्रे ५४च आहेत आणि त्यांचा संकर होऊन बी धरते. जपानमधला सावा मात्र एकिनोक्लोआ क्रसगॅली या दुसऱ्या तणापासून आला, आणि भारतीय व जपानी साव्याच्या संकरातून सुफल बी मिळत नाही. एकसारखे दिसणारे पीक दोन ठिकाणी, दोन वेगळ्या तणांपासून स्वतंत्रपणे तयार झाले, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

गिरणीतून निसटलेला एखादा तुसासकट दाणा आपल्या भगरीत असू शकतो, म्हणून मी ठाम निर्णय देत नाही. दोन परीक्षा करून पाहा. पान खोडापासून हलकेच मागे ओढा आणि जोडाच्या आतल्या बाजूला पाहा. बहुतेक गवतांत तिथे पातळ पापुद्रा किंवा केसांची झालर असते, जिला लिग्यूल म्हणतात. साव्यात आणि रानसाव्यात ती जागा साफ मोकळी असते. भाताच्या खाचरात रोपे लहान असताना अनुभवी माणूस तण याच खुणेवरून ओळखून उपटतो. ही परीक्षा प्रजात सांगेल. पीक की तण, हे दुसरी परीक्षा सांगेल. कणीस पिकले, की खाली वर्तमानपत्र पसरून त्याला टिचकी मारा. रानटी गवताचे दाणे पिकताच आपोआप गळतात, कारण त्यांना जमिनीवर पडून पसरायचे असते. ज्या रोपांचे दाणे गळले नाहीत, तीच माणसाच्या हाती कापणीत आली आणि पुढच्या वर्षी पेरली गेली. हजारो पावसाळे हीच निवड होत राहिली आणि गवताचे धान्य झाले.

मुरारची थंडी (ग्वाल्हेर)

वरील उत्तर वाचून बाजरीची भर घालावीशी वाटली, कारण आमच्याकडे भिंड-मुरैन्याच्या बाजरीशिवाय थंडी जात नाही. बाजरीही भरड धान्यच, पण ती मूळची पश्चिम आफ्रिकेची. माली देशातल्या तिलेम्सी खोऱ्यात तिच्या लागवडीचे सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत. असे असूनही तिच्या अलीकडच्या शास्त्रीय नावात, सेन्क्रस अमेरिकॅनसमध्ये, अमेरिका येते. राळे चीनचे, पण नावात इटली. कुटकी भारताची, पण नावात सुमात्रा. शास्त्रीय नावावरून मूळ गाव शोधू नये, हा धडा मी यातून घेतला.

बाजरीचे वैशिष्ट्य असे, की तिच्या कणसावर आधी स्त्रीकेसर बाहेर येतात आणि ते काही दिवसांत सुकत आल्यावर परागकोश दिसू लागतात. त्यामुळे फुलाला स्वतःचे पराग सहसा मिळत नाहीत आणि वाऱ्याने दुसऱ्या ताटाचे पराग येतात. राळे, कोदो, नाचणी यांचे तसे नाही, त्यांचे बहुतांश स्वपरागीकरण होते. कोदोची फुले तर अनेकदा उमलतच नाहीत. बाजरीच्या या स्वभावामुळे संकरित बियाणे करणे सोपे गेले आणि भारतातला बाजरीचा पहिला संकरित वाण, एच.बी. १, १९६५ साली आला. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने संकरित बाजरीचे घरचेच बी राखून पेरले आणि ताटे एकसारखी येईनात, तेव्हा त्याने दुकानदाराला दोष दिला. दोष दुकानदाराचा नव्हता, संकरित वाणाचे घरी राखलेले बी पुढच्या पिढीत एकसारखे राहत नाही, पण ते त्याला पटवण्यात माझा एक संपूर्ण चहा थंड झाला.

मांडवीजवळ (वडोदरा)

आमच्याकडे भगरीला मोरैयो म्हणतात आणि कोदोला कोदरी, त्यामुळे घरात मराठी आणि बाजारात गुजराती असा दुहेरी हिशेब ठेवावा लागतो. एक शंका आहे. नाचणी, जिला इथे नागली म्हणतात, तीही या कुळातली का? दुसरे, राजगिराही उपासाला चालतो, मग तो याच गटात धरावा काय?

तृणपर्ण (इंदूर)

राजगिरा गवत नाहीच. त्याच्या रोपाला उगवताना दोन बीजपत्रे येतात आणि पानाच्या शिरांची जाळी असते. उपासाची यादी आणि वनस्पतींचे वर्गीकरण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, नाहीतर शेंगदाणाही भरड धान्यात मोजावा लागेल.

नाचणी गवतच आहे, परंतु उपकुळ वेगळे. सावा, कुटकी, कोदो, राळे, बाजरी आणि ज्वारी ही पॅनिकॉइडी उपकुळातली, आणि मका व ऊसही त्यातलेच. नाचणी क्लोरिडॉइडी उपकुळात येते, जिथे आपली दूर्वा आहे. हाताच्या बोटांसारखे नाचणीचे कणीस आणि दूर्वेचा फुलोरा शेजारी ठेवून पाहा, घडण सारखी दिसेल. म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बाजरीचे नाते नाचणीपेक्षा उसाशी जवळचे आहे. नाचणीचा दाणाही निराळा. गहू, तांदूळ, बाजरी यांच्यात फळाची साल बीजाच्या सालीला एकजीव झालेली असते. नाचणीत ती सुटी राहते आणि ताजा दाणा तळहातावर चोळला, की कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघून येते.

तेव्हा 'मिलेट' किंवा 'भरड धान्य' हे कुळाचे नाव नाही. लहान दाण्याची, उन्हाळी स्वभावाची, कमी पाण्यावर येणारी लागवडीची गवते, एवढाच त्याचा अर्थ. या साऱ्यांना जोडणारा एक धागा मात्र खरा आहे. ती सर्व सी-४ पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात. पानातल्या शिरांभोवती मोठ्या पेशींचे कडे असते आणि कार्बन डायऑक्साइड तिथे एकवटला जातो. त्यामुळे पानावरची छिद्रे फारशी उघडी न ठेवताही काम भागते आणि पाणी वाचते. गहू आणि भात यांना ही सोय नाही.

सुदामानगरवाल्यांसाठी एक जोड. श्यामाक, प्रियंगु आणि अणु ही नावे यजुर्वेदातल्या चमक या पठणात एकापाठोपाठ वेगवेगळी उच्चारली जातात. घरात रुद्र-चमक होत असेल, तर श्यामाक हाच सावा आहे, हे ध्यानात ठेवून ऐका. ज्यांनी ती यादी रचली, त्यांनीही सगळी बारीक धान्ये एकाच नावात गुंडाळली नव्हती.

सुदामानगरवाले (इंदूर)

मान्य. माझे विधान घाईचे होते. घरातली भगर भिंगाखाली पाहिली. खाच आहे आणि बहुतेक दाण्यांत ती रिकामी आहे.

रामबागची गच्ची (इंदूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण कणसे पिकण्याची वाट पाहत होतो. पान मागे ओढून पाहिले. पहिल्या कुंडीतल्या रोपांत जोडाची जागा अगदी गुळगुळीत आहे, कांगनीत मात्र बारीक पांढऱ्या केसांची झालर स्पष्ट दिसते. काल सकाळी दोन्ही कुंड्यांखाली वर्तमानपत्र पसरले. पहिल्या कुंडीतल्या कणसाला टिचकी मारण्याआधीच, कागद सरकवताना लागलेल्या धक्क्याने पंधरा-वीस दाणे खाली पडले होते. टिचकीनंतर कणसाचा अर्धा भाग रिकामा झाला. कांगनीचे कणीस मी हाताने झटकले, मग कुंडीच्या काठावर आपटले. कागदावर तिचे दोन दाणे पडले.

रानसाव्याची कणसे आता कापून टाकली आहेत. तरी जे दाणे आधीच मातीत गेले असतील, ते पुढच्या आषाढात दिसतीलच. तुसासकट सावा किंवा कुटकी बियाणे म्हणून इंदुरात कुठे मिळेल, हे कोणाला ठाऊक असल्यास कृपया कळवावे. कुंडी तयार आहे.