अनुभव धागा : दातांच्या तारा आणि दोन भेटींच्या मधले दिवस

तारा लावायच्या ठरल्या की पुढच्या दीड-दोन वर्षांतलं बहुतेक काम घरीच होतं. डॉक्टर महिन्यातून एकदा भेटतात. ब्रश, रबर, खाणं, सैल झालेलं ब्रॅकेट (दाताला चिकटवलेला, तार धरणारा छोटा चौकोन) हे सगळं मधल्या दिवसांत सांभाळायचं असतं. म्हणून इथे ऑर्थोडॉन्टिस्ट (वाकडे दात सरळ करणारे तज्ज्ञ), दवाखान्यात खुर्चीशेजारी काम करणारे सहाय्यक आणि मुलांच्या तारा सांभाळलेले पालक यांना मुद्दाम लिहायला बोलावलं आहे. कृपया स्वतःची गोष्ट बाजूला ठेवून कामाचं सांगा: काय, किती, कसं, आणि बिघडतं ते कशामुळे.

ऑर्थोडॉन्टिस्ट, पुणे

हाड बदलतं म्हणून दात हलतो. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो, पाव मिलिमीटरच्या आसपास. तारेचा हलका दाब आला की दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं आणि मागे नवं भरतं. याला वेळ लागतोच. महिन्याला साधारण १ मिलिमीटर ही चांगली गती. "जरा जोरात आवळा, लग्नाआधी संपवायचंय" असं पुष्कळ जण म्हणतात. पण दाब जास्त झाला तर त्या थराचा रक्तपुरवठा बंद पडतो, तिथल्या पेशी मरतात आणि तो भाग साफ होईपर्यंत दात जागीच अडून बसतो. मुळाचं टोक झिजायचा धोका वेगळाच.

पहिली तार निकेल-टायटॅनियमची, गोल, ०.०१२ किंवा ०.०१४ इंच जाडीची. वाकवली तरी ती आपल्या आकाराला परत येऊ पाहते, त्या जोरावर दात रांगेत येतात. मग जाड गोल, मग चौकोनी, आणि पुढे स्टीलची, बहुधा ०.०१९ × ०.०२५ इंच. उपदाढा (सुळे आणि दाढा यांच्यामधले दात) काढलेल्या असतील तर त्यांची फट या स्टीलच्या तारेवर बंद होते. पालकांची गफलत नेमकी याच्या आधी होते. चार-सहा महिन्यांत पुढचे दात सरळ दिसायला लागतात आणि "झालं की, काढून टाका आता" सुरू होतं. त्या वेळी दातांचे फक्त माथे रांगेत आलेले असतात, मुळं तिरकीच असतात आणि वरच्या-खालच्या दाढा एकमेकींत बसलेल्या नसतात. तिथे थांबवलं तर दात परत फिरतात.

दुखणं तार बसल्यावर काही तासांनी सुरू होतं, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि आठवड्याच्या आत ओसरतं. गोळी लागलीच तर पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. तोवर मऊ भात, खिचडी, उपमा.

दवाखान्यातील सहाय्यक, नाशिक

घाण सर्वांत जास्त साचते ती ब्रॅकेट आणि हिरडी यांच्यामधल्या अरुंद पट्टीत. तिथला थर तसाच राहिला तर चार आठवड्यांतही खडूसारखा पांढरा डाग उठू शकतो, कारण जंतूंच्या आम्लामुळे इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरातलं, कॅल्शियम निघून जातं. ब्रॅकेटखालची जागा मात्र झाकलेली असते. म्हणून तारा काढल्यावर मधे स्वच्छ चौकोन आणि भोवती पांढरी चौकट दिसते. ती चौकट पुष्कळदा पूर्ण जात नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी फोटो दाखवून सांगावं. नुसतं "नीट घास" म्हणून काही होत नाही.

ब्रश लहान डोक्याचा, मऊ. आधी ४५ अंशांत हिरडीकडे वळवून ब्रॅकेटच्या वरची पट्टी, मग ब्रॅकेटवर सरळ, मग उलट्या कोनातून ब्रॅकेटच्या खालची बाजू. त्यानंतर आतून आणि चावायची बाजू. याला चार-पाच मिनिटं लागतात. दोन मिनिटांत उरकलं असेल तर काहीतरी राहिलं आहे. बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा इंटरडेंटल ब्रश प्रत्येक दोन ब्रॅकेटच्या मधे, तारेखालून एकदा वरून आणि एकदा खालून घालायचा. जोर लावावा लागला तर एक नंबर लहान घ्या. पाण्याच्या फवाऱ्याचं यंत्र चांगलं आहे, पण चिकट थर त्याने निघत नाही, त्यामुळे ते ब्रशनंतर.

टूथपेस्टच्या ट्यूबवर फ्लोराइडचा आकडा वाचा. किमान १००० पीपीएम हवा. बऱ्याच वनौषधींच्या पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच. रात्री ब्रश झाल्यावर फेस थुंका, पण खळखळून चूळ भरू नका, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतं. हिरडीतून रक्त येतंय म्हणून तिथला ब्रश बंद करणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. रक्त येतं ते घाणीमुळे, आणि नीट घासल्यावर आठवडाभरात कमी होतं. घरात कुणी मिश्री लावत असेल तर मुलाला तिच्यापासून लांब ठेवा. तो तंबाखूच आहे.

पालक, ठाणे

हळदीचं कुणी आधी सांगत नाही. ब्रॅकेटवर तार धरून ठेवणारी छोटी रबरं पारदर्शक किंवा पांढरी घेतली तर दोन वेळच्या आमटी-भाजीत पिवळी होतात, आणि ब्रशने तो रंग जात नाही. सिरॅमिकचं महाग ब्रॅकेट तसंच राहतं, त्यावरचं रबर पिवळं पडतं आणि सगळा दातच पिवळा वाटतो. करडा, चंदेरी किंवा गडद निळा रंग मागा.

पालक, कोल्हापूर

खाण्याची यादी बहुतेक ठिकाणी पॉपकॉर्न आणि च्युइंगमवर संपते. आपल्या घरात ब्रॅकेट निघतं ते चिक्की, चकली, कडक झालेला तिळगूळ, फुटाणे, उसाचं कांडं, सुक्या खोबऱ्याचा तुकडा आणि मटणाची नळी यांच्यावर. कणीस चालतं, पण दाणे सुरीने काढून. पेरू आणि सफरचंद बारीक फोडी करून, पाठीमागच्या दाढांनी. पेरूच्या बिया तारेखाली अडकतात, म्हणून मधला गर काढून टाकावा. भाकरी ताजी, आमटीत कुस्करून. शेवग्याच्या शेंगेचा गर चमच्याने काढून द्या, नाहीतर तिचे दोरे ब्रॅकेटला गुंडाळून बसतात. संक्रांतीला आणि दिवाळीत मुलाला सगळं बंद केलं तर ते चोरून खातं. मऊ तिळाची वडी, बेसनाचा लाडू, करंजी मोडून, हे सगळं चालतं, फक्त मग लगेच चूळ आणि ब्रश.

पेन्सिल-पेन चावण्याची सवय असेल तर ती आधी मोडा. आणि सरबत किंवा कोल्ड्रिंक दिवसभर घोट घोट पिणं हे एकदा लाडू खाण्यापेक्षा वाईट.

दंतचिकित्सक, चिपळूण

लहान गावांत ऑर्थोडॉन्टिस्ट ठरावीक वारी येतात, त्यामुळे मधल्या काळात घरी काय करायचं हे माहीत हवं.

ब्रॅकेट सुटलं पण तारेवर लटकतंय: ओढू नका. कापसाने कोरडं करून तारांसाठीचं मऊ मेण लावा, त्या बाजूने चावू नका आणि फोन करा. मधल्या एखाद्या दाताचं असेल तर काही दिवस थांबता येतं. दाढेचा बँड (दाढेभोवती बसवलेली धातूची कडी) सैल झाला तर मात्र थांबू नका, कारण त्याखाली अन्न शिरतं आणि बाहेरून न दिसता दाढ किडते. एकच ब्रॅकेट पुनःपुन्हा निघत असेल तर मुलावर रागावण्याआधी खालचा-वरचा दात त्यावर आपटतो का ते डॉक्टरांना बघायला सांगा. तसं असेल तर मागच्या दाढांवर सिमेंटचे छोटे उंचवटे करून चावा थोडा उघडतात.

तार मागे गालाला टोचते, कारण दात पुढे सरकून रांगेत आले की उरलेली तार मागून बाहेर येते. जागा कोरडी करून वाटाण्याएवढं मेण बोटांत मळा आणि दाबून बसवा. ओल्या धातूवर ते टिकत नाही. बारीक तार पेन्सिलच्या खोडरबराने दाताकडे वळवता येते. गालाला जखम झाली असेल तर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार गुळण्या.

ऑर्थोडॉन्टिस्ट, ठाणे

वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत अडकवायची रबरं (वरचे दात पुढे असतील तर अशी, खालचा जबडा पुढे असेल तर उलटी) दिवसाचे २० ते २२ तास लागतात, म्हणजे जेवण आणि ब्रश सोडून कायम. लॅटेक्सचं रबर पहिल्या काही तासांतच बराच जोर हरवतं, म्हणून रोज नवं, डॉक्टरांनी सांगितलं असेल तर दिवसातून दोनदा. काल विसरलो म्हणून आज दोन-दोन लावू नयेत. एका बाजूचं तुटलं आणि दुसरं तसंच ठेवलं तर पुढच्या दातांची मध्यरेषा सरकते. "दिवसा शाळेत काढतो, रात्री लावतो" या पद्धतीने दात रात्री सरकतो, दिवसा परत येतो, हलायला लागतो आणि महिने वाया जातात. एक पाकीट दप्तरात, एक घरी ठेवा. लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर बिनलॅटेक्सची मिळतात.

दंत महाविद्यालयात शिकवणारे, नागपूर

पहिली तपासणी ७ वर्षांच्या सुमारास करून घ्यावी. तेव्हा तारा लावायच्या नसतात. जबडा अरुंद आहे का, अंगठा चोखण्याने पुढचे दात उघडे राहतात का, हे बघायचं असतं. टाळू रुंद करायचा स्क्रू असेल तर किल्ली पालकांनी फिरवायची असते: किल्लीला दोरा बांधून तो बोटाला गुंडाळा, पुढून मागे, स्क्रूचं पुढचं भोक दिसेपर्यंत एक वळसा, मग किल्ली मागच्या बाजूने काढा. एका वळशाला साधारण पाव मिलिमीटर. वरच्या दोन पटाशीच्या दातांत फट पडली तर घाबरू नका, टाळूचा सांधा उघडत असल्याची ती खूण आहे.

चांगल्या उपदाढा का काढता, हा प्रश्न रास्त आहे. एक उपदाढ सुमारे ७ मिलिमीटरची असते. दात फारच दाटीने असतील किंवा ओठ मिटत नसतील तर ती जागा दुसरीकडून मिळत नाही. दाटी थोडी असेल तर काढायची गरज नसते. निर्णय ओपीजी (सगळ्या दातांचा आणि जबड्यांचा एकत्र एक्स-रे), बाजूने घेतलेला सेफॅलोग्राम (डोक्याचा एक्स-रे) आणि दातांचे साचे बघूनच व्हावा. हे न बघता कुणी तारा लावत असेल तर दुसरीकडे विचारा. डॉक्टरांची या विषयातली एमडीएस, म्हणजे दंतशास्त्रातली पदव्युत्तर, पदवी आहे का, हेही विचारावं.

मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईचं महापालिकेचं नायर, गोव्यात बांबोळी इथे हे उपचार खासगीपेक्षा बरेच स्वस्त होतात. काम पदव्युत्तर विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली करतात. त्यांचा अभ्यासक्रम ३ वर्षांचा, त्यामुळे मधेच विद्यार्थी बदलू शकतो. आपली फाईल क्रमांकासह जपून ठेवा.

मराठी पालक, इंग्लंड

इथे १८ वर्षांखालच्या मुलांना एनएचएसमधून (इथल्या सरकारी आरोग्यसेवेतून) तारा मोफत मिळतात, पण गरज ठरावीक मोजपट्टीवर ठरते. ४ आणि ५ श्रेणी पात्र. ३ श्रेणी असेल तर दिसण्याच्या पट्टीवर ६ किंवा जास्त हवं. त्यात बसत नाही म्हणून सुट्टीत भारतात तारा बसवायचा विचार पुष्कळ जण करतात. तार दर चार ते आठ आठवड्यांनी बघावी लागते आणि दुसऱ्याने लावलेल्या तारा पुढे चालवायला इथले डॉक्टर सहसा नाखूश असतात. गाव बदलणार असाल तर क्ष-किरण, सुरुवातीचे फोटो, स्कॅन, ब्रॅकेटच्या खाचेचं माप आणि सध्याची तार, एवढं लिहून घ्या.

कबड्डी प्रशिक्षक, सांगली

तारा असलेल्या खेळाडूला माउथगार्ड हवाच, नाहीतर ओठ आतून फाटतो. गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा साधा गार्ड नको, तो तारेत रुततो. तारांसाठीचा वेगळा मिळतो.

ऑर्थोडॉन्टिस्ट, पुणे

रिटेनरबद्दल (तारा काढल्यावर दात जागी धरून ठेवणारं साधन) कुणी लिहिलं नाही म्हणून परत येतो. तारा निघाल्यावर हिरडीतले ताणलेले तंतू नव्या जागी स्थिरावायला वर्षाच्या आसपास वेळ लागतो. तोवर ते दाताला, विशेषतः फिरलेल्या दाताला, मागे खेचत राहतात. म्हणून रिटेनर पहिले तीन ते सहा महिने जेवण सोडून दिवसभर, पुढे रोज रात्री. रिटेनर गार पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा; गरम पाण्यात प्लास्टिक वाकडं होतं. हॉटेलात तो कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवू नका, बहुतेक रिटेनर तिथूनच कचऱ्यात जातात.

खालच्या पुढच्या सहा दातांमागे चिकटवलेली तार असेल तर दर महिन्याला आरशात बघून, नखाने प्रत्येक दातामागे हलवून बघा. एकाच दाताचा गोंद सुटतो, तार जागेवर दिसते आणि तेवढा एक दात गुपचूप फिरतो. काढ-घाल करायचा रिटेनर हरवला किंवा तुटला तर त्याच आठवड्यात माप द्या. महिनाभर थांबलात तर नवा रिटेनर सरकलेल्या दातांच्याच मापाचा होतो.