दिवेलागणीला ‘माहेरी जायचंय’ म्हणून दाराकडे धाव, काय करावं?

सांजवात: सासूबाई, वय 78, अल्झायमर. डोनेपेझिल (अल्झायमरची गोळी) 10 मिग्रॅ रात्री जेवल्यावर. संध्याकाळी साडेपाचला पिशवी भरायला घेतात, ‘आई वाट बघत असेल, मला घरी सोडा.’ दार अडवलं की हात उगारतात. पूर्वी आठवड्यातून एखाददा व्हायचं, गेले 5 दिवस रोज, रात्रीही झोप नाही. नवीन काही नाही. सर्दीची एक गोळी दुकानातून आणलीय तेवढीच. डॉक्टरांकडे झोपेची गोळी मागू का?

वॉर्डातली: ‘तेवढीच’ म्हणताय, ती आधी तपासा. पाकिटावर क्लोरफेनिरामिन लिहिलंय का? डोनेपेझिल मेंदूतलं अॅसिटिलकोलिन, म्हणजे आठवणीला लागणारं रसायन, टिकवून धरतं आणि ही गोळी नेमकं त्याचंच काम अडवते. एक बैल पुढे ओढतो, दुसरा मागे. शिवाय लघवी तुंबते, पोट साफ होत नाही, आणि सांगता येत नसल्यामुळे त्या नुसत्या येरझारा घालतात.

अल्झायमर महिन्या-वर्षांनी पुढे सरकतो. 5 दिवसांत एवढा फरक पडला तर शरीरात दुसरं काही बिघडलंय असंच धरून चाला. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, कुठेतरी दुखणं, अगदी हिरडीला टोचणारी कवळीसुद्धा. या वयात ताप किंवा जळजळ असेलच असं नाही. आजच बघा: शेवटचं शौचास कधी झालं, दिवसात लघवी किती वेळा. 7-8 तास लघवी नाही आणि ओटीपोट टणक लागतंय, किंवा त्या हाक मारूनही नीट जाग्या होत नाहीत, तर सकाळची वाट बघू नका.

गोळ्यांचा डबा: वरच्याशी सहमत. डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक धरून. डोनेपेझिल रात्री घेतल्यावर काहींना भडक स्वप्नं पडतात, झोप मोडते. ती सकाळी द्यायची का, हे विचारा. स्वतःहून बंद करू नका.

झोपेच्या गोळीने रात्री तोल जातो, पडून खुबा मोडतो, गोंधळ वाढतो. ‘शांत करणाऱ्या’ गोळ्यांचंही तसंच: डिमेन्शियात (स्मृतिभ्रंशात) त्यांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, त्यामुळे त्या शेवटचा उपाय, कमी डोस, थोडे दिवस. आणि सासूबाईंना नसलेली माणसं-मुलं दिसत असतील, चाल ताठरली असेल, तर हे आधी सांगा. डिमेन्शियाच्या लेवी बॉडी प्रकारात हॅलोपेरिडॉलसारखं ‘शांत करणारं’ औषध जिवावर बेतू शकतं.

ओसरी: आता कातरवेळेचं. अंधार पडायच्या आधी, पाचच्या सुमारास, घरातले सगळे दिवे लावा आणि पडदे ओढा. काळोख झाला की काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं आणि ‘बाहेर कोण उभं आहे?’ सुरू होतं. सकाळी अर्धा तास उन्हात बसवा. दुपारची झोप अर्ध्या तासावर नको, दोननंतर चहा नको (चारचा चहा मागतीलच, दूध द्या).

साडेपाचच्या आधी हाताला काम हवं: वाती वळणं, लसूण सोलणं, घड्या. मग देवापाशी दिवा, शुभंकरोति. पाठ असलेलं बराच काळ टिकतं.

‘तुमची आई कधीच गेली’ हे मात्र सांगू नका. त्यांना ते दर वेळी नव्यानं कळतं. ‘माहेरच्या अंगणात काय काय होतं हो?’ असं विचारा, बोलू द्या.

गोळ्यांचा डबा: ‘उद्या गाडी येणार आहे’ असं सांगून वेळ मारून नेतात, ते मला पटत नाही. काहींच्या लक्षात राहतं, आणि सकाळी सातला त्या तयार होऊन बसतात.

सांजवात: क्लोरफेनिरामिन आहे. आज दिली नाही. शौचास 4 दिवस झालेलं नाही, हे विचारल्यावर कळलं! डॉक्टरांची वेळ घेतलीय. तोवर दाराचं काय? वरची कडी त्यांना माहीत आहे.

ओसरी: दुसरी कडी खाली, घोट्याच्या उंचीवर लावा, तिकडे नजर जात नाही. दारावर भिंतीच्याच रंगाचा पडदा सोडा, चपला नि पिशवी नजरेआड ठेवा. बाहेरून कुलूप लावून एकटं ठेवू नका, आग लागली तर सुटका नाही. पदराला किंवा खिशाला तुमचा मोबाइल नंबर शिवून ठेवा. आणि निघाल्याच तर अडवू नका, चप्पल घालून बरोबर चाला. एक चक्कर मारून परत दाराशी आलात की ‘या, चहा ठेवते’ म्हणा.

वॉर्डातली: चहा नाही, दूध! 🙂 जुलाबाचं औषध मनानं देऊ नका, 4 दिवस झालेत तर आधी पोट तपासून घ्या.