काळा बर्फ बघायला माणशी पंधरा हजार?

पायपीट:
काल एका सभासदाने आइसलँडच्या सहलीबद्दल लिहिलं: "कात्लाच्या हिमनदीवर जाऊ नका. डांबरासारखा काळाकुट्ट बर्फ, वर गाईडची सक्ती. माणशी पंधरा हजार पाण्यात. त्यापेक्षा मनाली बरं." उत्तर लिहायला बसलो, ते आवरेना, म्हणून वेगळा धागा.

अहो, काळा आहे म्हणूनच तर बघायचा! खाली कात्ला ज्वालामुखी, वर मीर्दाल्सयोकुलची बर्फाची टोपी. उद्रेकाची राख बर्फावर पडते, तिच्यावर पुन्हा हिम साचतं, आणि सरकत सरकत ते थर खाली हिमनदीच्या तोंडाशी उघडे पडतात. त्यातल्याच सोल्हेमायोकुल या हिमनदीवर आम्हाला कमरेएवढे खडीचे ढीग दिसले. मला वाटलं, इथेही रस्त्याचं काम अर्धवट सोडलंय. गाईडने हातातल्या कुऱ्हाडीने एक ढीग खरवडला, तर दोन बोटं राखेखाली निळसर बर्फ! राख पातळ असली की ऊन शोषून बर्फ लवकर वितळवते. जाड असली की गोधडीसारखी झाकून ठेवते. आजूबाजूचं वितळून जातं, ढीग तेवढा उरतो. हे मनालीत दाखवा.

रोखठोक_नाशिककर:
तो 'एक सभासद' मीच, नाव घ्यायला लाजू नका. तीन तासांच्या सहलीत तासभर हेल्मेट, हार्नेस (कमरेचे दोराचे पट्टे) आणि क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे लोखंडी काटे) चढवण्यात गेला. मग बालवाडीसारखं एका रांगेत चालायचं. एकोणीस वर्षं सह्याद्रीत फिरतोय, बेलपाड्याहून उभ्या दगडी घळीतून, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलाय, तोही विनागाईड. मला पंचवीस वर्षांचं पोरगं सांगणार पाय कसा टाकायचा?

घसारा:
दादा, नळीतला दगड पायाखाली वितळत नाही. हिमनदीवर परवाची वाट आज नसते. गाईड रोज पायऱ्या नव्याने खोदतात. मी तिथे एका भोकाशी उभा होतो, घागरीच्या तोंडाएवढं असेल. वरून पाणी आत पडत होतं आणि तळाचा आवाजच येत नव्हता. त्यानंतर मी रांगेत अगदी मुकाट चाललो.

विमानतळ२०१०:
ज्वालामुखीचं कौतुक चाललंय का? चालू द्या. १५ एप्रिल २०१०, फ्रँकफर्ट. सख्ख्या भावाचं लग्न १८ला, आणि मी खुर्चीवर बॅग उशाला घेऊन. पाहुण्यांसाठी घेतलेली चॉकलेटं तीन दिवस मीच खाल्ली. तिकिटाचे पैसे परत मिळवायला अकरा महिने लागले. कात्लाला माझा नमस्कार सांगा.

पायपीट:
तो कात्ला नव्हे, शेजारचा एय्याफ्यात्लायोकुल. पण कारण तेच: वर बर्फ. तापलेला रस बर्फाच्या पाण्यात फुटला, काचेसारखी बारीक राख झाली, म्हणून विमानं बंद. बर्फ नसता तर कदाचित तुम्ही लग्नात जेवला असता.

विमानतळ२०१०:
वा, फार समाधान झालं.

सरळमुद्दा:
गाईडचं इतकं कौतुक नको. ऑगस्ट २०२४, आइसलँडचीच दुसरी हिमनदी ब्रेइदामेर्कुरयोकुल: गाईड बरोबर असताना बर्फाची गुहा कोसळली, एक अमेरिकन पर्यटक गेला. भर उन्हाळ्यात गुहेत माणसं न्यायची, हा धंदा नाही तर काय?

घसारा:
हे मान्य. पण यावरून 'गाईड नको' निघत नाही, 'उन्हाळ्यात गुहा नको' निघतं.

रोखठोक_नाशिककर:
म्हणजे गाईड चुकला तर ऋतूचा दोष, आम्ही चुकलो तर अक्कल काढायची. छान.

घसारा:
अक्कल काढतोच आता. गेल्या पावसाळ्यात असेच 'विनागाईड'वाले पाचजण एका घळीत अडकले. रात्री दोन वाजता आम्ही दोर घेऊन निघालो. सगळे नोकरदार, सकाळी ऑफिस होतं. खाली आणल्यावर एकाने विचारलं, "चहा मिळेल का?" आभार नाहीत. माझा गुडघा अजून दुखतो.

रोखठोक_नाशिककर:
तुमच्या गुडघ्याचं बिल माझ्या नावावर का? मी आजवर कुणाला बोलावलेलं नाही!

कोकणकडा_वेडी:
अजूनपर्यंत नाही, इतकंच. आमच्या गटातही एक काका हेच म्हणायचे. त्यांना झोळीत घालून उतरवताना मी पुढच्या टोकाला होते.

सरळमुद्दा:
धागा हिमनदीचा होता ना?

वीकचा_वाटसरू:
तिथलंच सांगते. मी सात वर्षं आइसलँडमध्ये आहे. इथली बचाव पथकंही स्वयंसेवकांचीच, आणि त्यांचा मोठा खर्च निघतो नववर्षाच्या फटाकेविक्रीतून! वर्षाला वीस लाखांहून जास्त पर्यटक, देशाची वस्ती चार लाखांच्या आत. मदतीला येतो तो सुतार असतो, नाहीतर शाळेतली बाई.

आणि भीती घसरण्याचीच नसते. कात्लाचा शेवटचा मोठा उद्रेक १२ ऑक्टोबर १९१८चा. लाव्हा राहतो बाजूला, खरा दणका बर्फ वितळून येणाऱ्या पुराचा. त्या पुराने एवढा गाळ आणला की किनाराच समुद्रात पुढे सरकला. जुलै २०११मध्ये उद्रेक धड दिसलासुद्धा नाही, तरी मूलाक्विस्ल नदीवरचा हमरस्त्याचा पूल वाहून गेला. वीक गावात पुराच्या सरावात लोक टेकडीवरच्या चर्चकडे पळतात. बर्फाखालचं ज्वालामुखीचं पाणी मिसळून नदीला सडक्या अंड्यांचा वास यायला लागला की आम्ही फोनकडे बघतो, इशाऱ्याचा मेसेज आलाय का म्हणून. हेल्मेटला लागलेला तास इथे कुणाला जास्त वाटत नाही.

रोखठोक_नाशिककर:
हेल्मेटवर बोललो नव्हतो, वेळेवर बोललो होतो. असो. वास आला होता. मला वाटलं, गाडीत कुणाचा तरी डबा खराब झालाय. आणि ते राखेच्या गोधडीचं आमच्या गाईडने सांगितलं नाही, म्हणून पैसे वाया गेले यावर मी ठाम आहे.

रोखठोक_नाशिककर:
बायको शेजारी बसून वाचतेय. ती म्हणते, सांगितलं होतं. मी तेव्हा रांगेच्या शेवटी, उलट्या पायांत घातलेले क्रॅम्पॉन सोडवत बसलो होतो. आणि तासभर जो गेला, तोही त्यातच.