आईला डॉक्टरांनी बोटॉक्स सांगितलंय, ठाणे-नवी मुंबईत कोणाला अनुभव आहे का?

मोगरा_ठाणे
आई ६७ वर्षांची, नौपाड्यात राहते. बरेच महिने तिचा उजवा डोळा लवतोय, आधी आम्हाला वाटलं झोप नीट होत नसेल, आणि तिच्या डोक्यात तर बायकांचा उजवा डोळा लवणं वाईट एवढंच. आता लवता लवता डोळा पूर्ण मिटतो आणि त्याच बाजूला ओठाचा कोपरा पण ओढला जातो, रिक्षात, देवळात, कुठेही. परवा गोखले रोड क्रॉस करताना मध्येच उभी राहिली कारण डोळा उघडेचना. न्यूरोलॉजिस्टने एमआरआय करून हेमिफेशियल स्पाझम (चेहऱ्याच्या एका बाजूचे स्नायू आपोआप आवळले जातात तो आजार) सांगितलं आणि बोटॉक्सची इंजेक्शनं घ्या म्हणाले. घरी हे कळल्यावर मावशी बोलली, या वयात कुणाला तोंड दाखवायचंय, तेव्हापासून आई नकोच म्हणते. त्यात वहिनीने वाशीच्या एका पार्लरची जाहिरात पाठवली, तिथे बरंच स्वस्त आहे म्हणे. औषध तेच असतं का? विषापासून बनतं हे खरं का? आणि कायम घेत राहावं लागतं का?

सीवूड्सकर
आईंना आधी हे सांगा की हे औषध मुळात डोळ्यांसाठीच आलं. सॅन फ्रान्सिस्कोचे डोळ्यांचे डॉक्टर अ‍ॅलन स्कॉट तिरळेपणावर ऑपरेशनऐवजी काही करता येईल का ते शोधत होते, आणि १९८९ ला अमेरिकेत पहिली मंजुरी मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटतात त्या आजाराला, त्यात चेहऱ्याच्या सातव्या नसेचे विकारही धरले होते, म्हणजे तुमच्या आईंची नस तीच. भुवयांमधल्या आठ्यांना मंजुरी थेट २००२ मध्ये. त्यामुळे मावशींना सांगा, हे तोंड दाखवण्यासाठी नाही, रस्ता दिसण्यासाठी आहे.

विष म्हणाल तर हो, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूपासून येतं, खराब झालेल्या डबाबंद अन्नातून पोटात गेलं तर माणूस दगावू शकतो. पण इंजेक्शनमध्ये प्रमाण अतिशय कमी आणि तेही ठराविक स्नायूत. आवळ असा निरोप नस स्नायूला अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनाने देते, ते बाहेर पडणंच हे औषध तेवढ्या जागी अडवतं, मग स्नायू सैल पडतो. नस मरत नाही, साधारण ३-४ महिन्यांत निरोप पुन्हा जायला लागतात म्हणून पुन्हा घ्यावं लागतं. माझे वडील याच आजारासाठी घेतात. लगेच फरक दिसत नाही, २-३ दिवसांनी जाणवायला लागतं आणि पूर्ण परिणाम २ आठवड्यांनी, तेव्हा पहिल्या दिवशी निराश होऊ नका. पापणी कमी लवते म्हणून डोळा कोरडा पडू शकतो, वडिलांना थेंब घालावे लागतात, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

खोपट९०
दर काही महिन्यांनी सुया टोचण्यापेक्षा एकदाच ऑपरेशन करून टाका ना

सीवूड्सकर
@खोपट९० ऑपरेशन आहे, बहुतेक वेळा मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी त्या नसेवर टेकलेली असते ती बाजूला करतात, पण त्यासाठी कवटी उघडावी लागते आणि ऐकू कमी येण्यासारखे धोके असतात. कोणाला ते बरोबर ठरतं पण ते न्यूरोसर्जनने तपासून सांगायचं, इथे बसून नाही.

फिजिओ_खारघर
मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे अर्धांगवायूनंतरचे पेशंट येतात, मूठ इतकी आवळलेली की नखं तळव्यात रुततात, हात धुता येत नाही, ब्लाऊजच्या बाहीत घालता येत नाही. तिथेही हेच इंजेक्शन देतात, आणि सेरेब्रल पाल्सीच्या ज्या मुलांची टाच टेकत नाही त्यांच्या पोटरीतही. स्नायू सैल असतो त्या काळात स्ट्रेचिंग, स्प्लिंट, व्यायाम करून घ्यायचे असतात, नुसतं इंजेक्शन घेऊन घरी बसलं तर पैसे गेले. आणि मनापासून सांगते, बोटॉक्स शब्द ऐकून नातेवाईक आम्हाला हे फॅशनचं नको म्हणतात तेव्हा फार वाईट वाटतं, कारण तोपर्यंत सांधा आखडत जातो.

नेरुळ_सेक्टर
मी भुवयांमधल्या आठ्यांसाठी घेते, त्यात मला काही गैर वाटत नाही, पण डर्मॅटॉलॉजिस्टकडेच. पार्लरचं डोक्यातून काढून टाका प्लीज. औषध पावडर असते, फ्रीजमध्ये ठेवायची, सलाईनमध्ये कालवून द्यायची, आणि एका कंपनीचं युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाएवढं नसतं, म्हणजे नुसते इतके युनिट म्हणून काही कळत नाही. आमच्या सोसायटीतल्या एकीने पार्लरमध्ये स्वस्तात घेतलं, एक पापणी खाली आली आणि कित्येक आठवडे तशीच, विचारायला गेली तर कुपी कुठल्या कंपनीची तेही कोणाला सांगता येईना. पापणी उतरणं चांगल्या डॉक्टरकडेही कधी होऊ शकतं आणि ते जातं, पण तिथे निदान विचारायला कोणी असतं. तुमच्या आईंची केस तर डोळ्याच्या अगदी कडेला सुई, त्यामुळे हेमिफेशियल स्पाझमचं इंजेक्शन नेहमी देणारे न्यूरोलॉजिस्ट किंवा डोळ्यांचे डॉक्टरच बघा. कुपी समोर फोडायला सांगा, लेबलचा फोटो काढा, डॉक्टरांचं महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलचं रजिस्ट्रेशन बघा, यात संकोच कसला.

मोगरा_ठाणे
सगळ्यांचे खूप आभार. सीवूड्सकर, तुमचं आईला वाचून दाखवलं, १९८९ वालं ऐकून तिने परत विचारलं की मग हे डोळ्याचंच औषध ना, आणि अपॉइंटमेंट घे म्हणाली. एकच शंका, ती रक्त पातळ व्हायची गोळी घेते, ती आधी बंद करायची का?

फिजिओ_खारघर
मनाने अजिबात बंद करू नका, ज्यांनी गोळी सुरू केली त्यांना आणि इंजेक्शन देणाऱ्यांना दोघांना विचारा. बारीक सुई असते, फार तर काळंनिळं होतं. सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन जा, मायस्थेनिया किंवा स्नायूंचा दुसरा काही आजार असेल तर तो आधी सांगायचा, आणि सध्या कुठलं अँटिबायोटिक चालू असेल तर तेही. नंतर गिळायला किंवा श्वासाला त्रास वाटला तर थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल.