शब्दचर्चा: कादंबरीत ‘जीवनदर्शन’ घडतं म्हणजे नक्की काय घडतं?

पुस्तक परीक्षणं वाचताना तीन शब्द इतक्यांदा भेटतात की आता नजर त्यांच्यावरून घसरूनच जाते. जीवनदर्शन, जीवनभाष्य आणि जीवनदृष्टी. ‘लेखकाने मानवी जीवनावर मार्मिक भाष्य केले आहे’ आणि पुढच्याच ओळीत ‘कादंबरीतून व्यापक जीवनदर्शन घडते’. हे दोन्ही एकच का? की तोच शब्द परत नको म्हणून बदललाय? मला तरी फरक आहे असं वाटतं, पण जाणकारांनी सांगावं. कोशातले अर्थ नकोत, ते बघितलेत, वापराबद्दल बोला.

---

भाष्य त्यातल्या त्यात सोपं. मुळात बोलणं. पण ते कुणाच्या तरी मजकुरावर असतं, पाणिनीच्या सूत्रांवर पतंजलीचं महाभाष्य, ब्रह्मसूत्रांवर शंकराचार्यांचं वगैरे. सूत्र आखूड नि अवघड, मग भाष्यकार शंका काढणार, त्याचं उत्तर देणार, उलगडून सांगणार. ज्ञानेश्वरीच्या शेवटाकडे माऊली म्हणतात ना, ‘भाष्यकारांतें वाट पुसतु’, म्हंजे हा वाट सांगणारा माणूस. आता पेपरात कुणी राजकारणावर भाष्य केलं म्हटलं की मत देऊन मोकळा झाला एवढंच उरलंय, पण सांगणं दोन्हीकडे आहे.

दर्शनाची गोष्ट वेगळी. एक अर्थ नुसतं दिसण्याचा, ‘काय राव, हल्ली दर्शन दुर्लभ’ म्हणतो तो. दुसरा सांख्य, न्याय, वेदान्त ही जी दर्शनं त्यातला, विश्वाकडे बघायची अख्खी मांडणी. परीक्षणवाले पहिल्या अर्थाने सुरुवात करतात आणि न सांगता दुसऱ्यावर उडी मारतात. कादंबरीत म्हातारपण दिसतं हे पहिलं, लेखक नियतीवादी आहे हे दुसरं, आणि दुसऱ्यासाठी जीवनदृष्टी हा चांगला शब्द आहे की, तो वापरा.

---

+१. पण आधी ‘व्यापक’वर बंदी घाला.

---

उदाहरण घेतल्याशिवाय हे नुसतं हवेत राहील म्हणून द्यूतसभा घेतो. द्रौपदीला न्यायला दुर्योधनाने पाठवलेला दूत, प्रातिकामी, येतो तेव्हा ती त्यालाच उलट पाठवते, जा, त्या जुगाऱ्याला विचारून ये, आधी स्वतःला हरलास की मला? प्रश्न चक्क कायद्याचा आहे, जो स्वतःच दास झाला त्याला बायको पणाला लावायचा हक्क उरतो का. युधिष्ठिर गप्प. मग तिला ओढून आणल्यावर प्रश्न सभेपुढे येतो आणि भीष्म, म्हणजे ज्याच्याकडे सगळे बघणार तो माणूस, म्हणतो की ज्याचं स्वतःचं काही नाही तो दुसऱ्याचं पणाला लावू शकत नाही हे खरं, पण बायको नवऱ्याच्या ताब्यात असते हेही आहे, धर्म सूक्ष्म आहे, मला तुझ्या प्रश्नाचा नीट निवाडा करता येत नाही. बोलतो कोण तर विकर्ण, कौरवांपैकीच एक पोरगा, आणि त्याला कर्ण झापतो, तू अजून लहान आहेस म्हणून. निवाडा शेवटपर्यंत होतच नाही. धृतराष्ट्र वर देतो तेही कोल्हेकुई सुरू झाल्यावर.

आता यात व्यासांनी भाष्य कुठे केलंय? पण आपल्याला काय काय दिसतं बघा. ‘व्यासांनी अन्यायी व्यवस्थेवर भाष्य केले आहे’ असं लिहिलं की भीष्म एका फटक्यात नालायक ठरतो आणि विषय संपतो. प्रत्यक्षात त्याला दोन्ही बाजू दिसतायत, तो खोटं बोलत नाहीये, तरी तो जागचा उठत नाही, आणि भीती त्याची वाटते कारण असे शहाणे लोक आपण पाहिलेले असतात (आणि कधी कधी आपणच ते असतो, असो). याला मी दर्शन म्हणेन, पहिल्या अर्थाने.

---

थोडं असहमत. अशानं समीक्षकाने दुसरा अर्थ सोडूनच द्यायचा का? आनंदवर्धन बघा, नवव्या शतकातला काश्मीरचा काव्यशास्त्रकार. ध्वन्यालोकात तो म्हणतो अख्ख्या महाभारताचा मुख्य रस शांत! एवढं युद्ध, एवढी प्रेतं, आणि शांत. पण त्याच्याकडे कारण आहे. वृष्णी, म्हणजे कृष्णाचं कूळ, आपसात लढून संपतात, पांडव महाप्रस्थानात वाटेत एकेक करून कोसळतात, जिंकलेल्यांच्याही हाती काही राहत नाही आणि त्यातून वैराग्य उभं राहतं. शिवाय हे व्यास मुख्यतः सुचवतात, ध्वनीनेच, म्हणजे न सांगता सूचित होणाऱ्या अर्थानेच कळतं, हा त्याचा मुद्दा. म्हणजे ही सरळसरळ मांडणी झाली, दुसऱ्या अर्थाचं दर्शन, पण ग्रंथाच्या शेवटावर बोट ठेवून काढलेलं, वरून चिकटवलेलं नाही. तेव्हा दुसरा अर्थ हद्दपार नका करू, लिहिणाऱ्याकडे पुरावा मागा.

---

हे पटलं. ॲरिस्टॉटलही म्हणतोच ना की इतिहास घडलेलं सांगतो आणि काव्य घडू शकेल ते, म्हणून काव्य जास्त तात्त्विक. भीष्म झाला की नाही यावर वाद घाला, पण असा माणूस असं वागू शकतो यावर कोण वाद घालणार? एक उपप्रश्न, चार ओळींच्या कवितेला जीवनदर्शन म्हणता येईल का?

---

मी नाही म्हणणार. तिथे एखादा क्षण दिसतो, त्याला अनुभव म्हटलं तरी पुरे, उगाच ‘जीवन’ कशाला जोडायचं. आणि भाष्य हा शब्दही अगदीच वाईट नाही हां. टॉलस्टॉयच्या युद्ध आणि शांतीमध्ये प्रिन्स आंद्रे जखमी होऊन पडल्यावर आभाळ बघतो तिथे भाष्य म्हणणं अन्यायाचं होईल, पण त्याच कादंबरीच्या शेवटी टॉलस्टॉय गोष्ट सोडून इतिहास कशाने चालतो यावर पानंच्या पानं सरळ निबंध लिहितो, ते मात्र शंभर टक्के भाष्य.