नवा इलेक्ट्रिक स्काउट: आम्हा जुन्या मालकांना नेमकं काय हवंय?

गंजोबा:
ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. इंटरनॅशनल हार्वेस्टर ही मुळात ट्रॅक्टर-ट्रकवाली कंपनी, तिने जीपला टक्कर द्यायला 1960 च्या अखेरीस स्काउट काढला, कच्च्या रस्त्यांसाठीची दणकट गाडी, अमेरिकेत इंडियानात फोर्ट वेनला बनायचा. फोर्डचा तसलाच ब्रॉन्को त्यानंतर पाचेक वर्षांनी आला, हे ब्रॉन्कोवाल्यांना सांगितलं की त्यांचं तोंड बघण्यासारखं होतं. 1980 मध्ये स्काउट बंद पडला. कंपनीचं नाव पुढे नॅव्हिस्टार झालं, 2021 मध्ये ती फोक्सवॅगन ग्रुपकडे गेली आणि तिच्याबरोबर हे नावही गेलं. ऑक्टोबर 2024 मध्ये त्यांनी नवी ट्रॅव्हलर एसयूव्ही आणि टेरा पिकअप दाखवली, दोन्ही इलेक्ट्रिक, कारखाना साउथ कॅरोलिनात ब्लाइथवुडला. तेव्हापासून मला भेटेल तो माणूस विचारतोय, काय मग, घेणार का?

माझ्याकडे 1973 चा स्काउट टू, म्हणजे दुसऱ्या पिढीचा, आहे, 345 घनइंचांचं व्ही-एट (आठ सिलिंडरचं) इंजिन, यंदा 19 वर्षं झाली. पायाखालचा पत्रा दोनदा बदललाय, तरी पावसात डावा मोजा ओला होतोच. एकदा युटात, माणूस ना माणसाची सावली अशा जागी गाडी चढावर बंद पडली. बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, बघतो तर पॉइंट, म्हणजे ठिणगीचा करंट जोडणारे-तोडणारे छोटे संपर्क, काळे पडलेले. बायकोच्या पर्समधली नखं घासायची कानस घेतली, पॉइंट घासले, गॅप डोळ्याच्या अंदाजाने ठेवला, आणि दुसऱ्या सेल्फला इंजिन चालू. ती कानस अजून डॅशच्या खणात आहे, परत मागायची बायकोची हिंमत नाही.

तर मला नव्या गाडीकडून हे हवंय. गोल दिवे नकोत, रेट्रो पट्टे नकोत. बिघडली तर ती मला उघडता आली पाहिजे आणि निदान रस्त्यापर्यंत तरी आणता आली पाहिजे. बाकी शिडीसारखी वेगळी चासी, मागे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड सॉलिड अ‍ॅक्सल, पुढेमागे मेकॅनिकल लॉकर (डावं-उजवं चाक एकत्र फिरवणारं कुलूप), डॅशवर खरी बटणं, हे सगळं ते देणार म्हणतायत आणि ते मला आवडलंय, उगाच नाही म्हणणार नाही. पण बॅटरीच्या पेटीत काही झालं तर कानस घेऊन मी काय करू? आणि स्काउटचं छप्पर! जुन्याचं छप्पर बोल्ट सोडले की अख्खं उतरतं. यांच्यात काचेचं छप्पर आहे नाहीतर मोटरवर सरकणारं कापडाचं. म्हणजे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

धुरळा:
काका, कानसीची गोष्ट भारी आहे पण ती तुमच्याच विरोधात जाते असं नाही वाटत? मुळात पॉइंट होते म्हणून काळे पडले. माझ्या इलेक्ट्रिकमध्ये पॉइंट नाहीत, कार्ब्युरेटर नाही, फ्युएल पंप नाही, पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी ट्रान्सफर केस नाही. दुरुस्त करता येणं हा गुण झाला कारण सतत दुरुस्त करावं लागायचं म्हणून.

आणि चढाचं बोलायचं तर कोलोराडोतला इमोजीन पास हा घाट घ्या, युरे ते टेल्युराइड, माथा 13,114 फूट. साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण 3 टक्के कमी होते, म्हणजे माथ्यावर पोचेपर्यंत तुमच्या व्ही-एटमधली एक तृतीयांशहून जास्त गेलेली, वर कार्ब्युरेटर जास्त पेट्रोल ओतून धूर काढतोय ते वेगळंच. मोटरला हवा विरळ आहे का दाट, काही घेणंदेणं नाही. मी गेल्या उन्हाळ्यात गेलो, वर खडकाळ पायऱ्या आहेत तिथे पाऊल पुढे टाकल्यासारखी चढते, क्लच जाळायचा प्रश्न नाही, एक चाक हवेत असताना नुसता अंगठा हलवला तरी कळेल इतकं हळू जाता येतं. उतरताना युरेकडे पाच हजार फुटांच्या वर उतार, ब्रेकला मी जवळजवळ हात, म्हणजे पाय, लावलाच नाही. तीन टनाच्या गाडीला त्या उतारात कागदावर तेरा युनिट वीज मिळते, प्रत्यक्षात त्यातली बरीचशी परत आली. तुमचं पेट्रोल उतारावर टाकीत परत येतं का?

गंजोबा:
पेट्रोल परत येत नाही पण टाकीत कॅनने भरता येतं. तुम्ही उतारावर तेरा युनिटचा हिशोब करताय, मी अडकल्यावर काय याचा करतोय. आणि नवीन गाड्या बिघडत नाहीत हे कुणी सांगितलं? माझ्या दुसऱ्या गाडीत, नाव नाही घेत, रात्री सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि सकाळी स्क्रीन काळी. हीटर स्क्रीनमध्ये, काच पुसायचा हीटरही स्क्रीनमध्ये, बाहेर उणे तापमान. टो करून न्यावी लागली, आणि तीन दिवसांनी सांगतात रीसेट केलं. ट्रेलवर झालं असतं तर कुणाला फोन करणार होतो, तिथे तर रेंजही नसते.

मीनल_ट्रेलवाली:
दोघांचं थोडं थोडं बरोबर आहे पण तुम्ही नव्या गाडीच्या हार्वेस्टर या पर्यायाबद्दल बोलतच नाही आहात. साध्या बॅटरीवर 350 मैल सांगतायत, आणि ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे छोटं पेट्रोल इंजिन बसवून एकूण 500 च्या वर. हे इंजिन चाकांना जोडलेलंच नाही, नुसता जनरेटर. आणि आलेल्या बुकिंगपैकी बहुतांश लोकांनी तेच मागितलंय. लोकांना इलेक्ट्रिक हवीय पण घरी परत यायची खात्री पण हवीय, यात लाजायचं काय?

आम्ही मागे छोटा कॅम्पर ओढतो. ओढायला लागलं की इलेक्ट्रिकची रेंज साधारण निम्मी होते हा माझा स्वतःचा अनुभव आहे, उलटा वारा असेल तर त्याहून वाईट. युटातल्या कॅनयनलँड्समध्ये व्हाइट रिम या कच्च्या रस्त्याची फेरी 100 मैलांची, कॅम्पर बाहेर ठेवूनच जातो, पण वाळू, चढ-उतार, हवा कमी केलेले टायर, दोन रात्री मुक्काम, आणि आत एकही चार्जर नाही. 350 मध्ये होईल, नक्की होईल, पण तिथपर्यंत जाण्यात आणि तिथून चार्जरपर्यंत येण्यात किती गेली ते कोण मोजणार? एका गॅलन पेट्रोलमध्ये 33.7 युनिट ऊर्जा असते, जनरेटरमध्ये त्यातली दोन तृतीयांश वाया गेली असं धरलं तरी पाच गॅलनचा कॅन म्हणजे पन्नासेक युनिट, आणि वजन तीस पौंडाच्या आसपास. तेवढी बॅटरी पाठीवर घेऊन दाखवा.

धुरळा:
मीनलताई, गणित मान्य आहे, पण मग इंजिन ऑइल आलं, फिल्टर आलं, एक्झॉस्ट आला, ज्यातून सुटायचं होतं ते सगळं मागच्या दाराने आत आलं. आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे म्हणजे खडकावरून उतरताना जिथे आपटतं बरोबर तिथेच. वर्षातून दोनदा लागणाऱ्या कॅनसाठी रोज एक इंजिन वाहायचं?

अडीच_टन:
सगळे रेंजवर भांडताय, वजनावर कुणी बोलत नाही. जुना स्काउट टू चार हजार पौंडांच्या आतबाहेर. इलेक्ट्रिक हमर आली तेव्हा तिचं वजन नऊ हजार पौंडांच्या घरात, त्यात नुसती बॅटरी जवळपास 2,900. एक बॅटरी म्हणजे पाऊण स्काउट. नवा स्काउट हमरएवढा नसेलही, पण 350 मैलांची बॅटरी आणि 35 इंची टायर घेऊन तो हलका कसा असणार ते सांगा. विंच, म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र, घेताना गाडीच्या वजनाच्या दीडपट घ्यायचा हा साधा नियम, तो चार हजाराला सहा हजार पौंडांचा होतो आणि नऊ हजाराला साडेतेरा. दोर तेवढा जाड, दोर अडकवायची शॅकल तेवढी मोठी, आणि ओढायला येणारा मित्रही तेवढाच जड पाहिजे. चिखलात मोटरचा टॉर्क कामाचा नाही, तिथे वजन बुडवतं. मी दोन्ही चालवल्यात, चिखलात जुनी, खडकावर नवी. बर्फात कुठली यावर माझं मत दर हिवाळ्यात बदलतं.

साधासुधा:
एक कडू बोलू का. तुम्ही जुने मालक गिऱ्हाईकच नाही आहात. गंजोबा 1973 ची गाडी 19 वर्षं वापरतायत म्हणजे ते कंपनीला नवीन गाडीचे पैसे देणारे नाहीतच. साठ हजार डॉलरच्या आतून सुरुवात म्हणतायत, ती घेणार ज्याला शाळेत मुलं सोडायचीत आणि वर्षातून एकदा कच्च्या रस्त्यावर फोटो काढायचाय. त्याला मागच्या सॉलिड अ‍ॅक्सलने हायवेवर गाडी उडते एवढंच कळणार. तुमचं ऐकलं तर शंभर गाड्या खपतील, आणि पुन्हा 1980. आणि गंमत म्हणजे गाडी अजून कारखान्यातून निघालेली नाही. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी!

मीनल_ट्रेलवाली:
पटलं नाही. शाळेत सोडणारा पण ती गाडी का घेणार, तर ती खरंच जाऊ शकते म्हणून. नुसती दिसायला दणकट आणि खाली साधी कार, असल्या गाड्या ढिगाने आहेत, त्यासाठी स्काउट हे नाव उकरून काढायची गरज नव्हती. जुने लोक विकत घेत नसतील पण शेजारी आधी त्यांनाच विचारतो ना, की ही खरी आहे का? आमच्याकडे दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. मी शंभर डॉलर भरून ठेवलेत, हार्वेस्टरवाल्या ट्रॅव्हलरचे, परत मिळतात म्हणून भरले, उगाच शूर समजू नका.

गंजोबा:
साधासुधा, खरं आहे, मी नवीन घेणार नव्हतोच. पण 1973 ची गाडी पण कुणीतरी नवी घेतली होती म्हणून मला जुनी मिळाली. आज जी बनेल ती पन्नास वर्षांनी कुणाच्या तरी गॅरेजमध्ये असेल, त्याला ती चालू करता येईल का एवढाच माझा प्रश्न आहे. बॅटरी मरणारच, मरू दे, इंजिनं पण मरतात. पण त्या मापाची दुसरी बसवता येईल अशी पेटी ठेवा, वायरिंगचा नकाशा मालकाला द्या, आणि कंपनीचा सर्व्हर बंद पडला तरी गाडी चालू झाली पाहिजे. लॉकर ज्या बटणाने लागतो ते बटण मधल्या कुठल्या कॉम्प्युटरला परवानगी विचारत असेल तर ते बटण नाही, ते चित्र आहे. हे सगळं दिलंत तर छपराचं मी विसरून जाईन. नाही, छपराचं नाही विसरणार.

धुरळा:
सर्व्हरचं शंभर टक्के मान्य, तिथे मी तुमच्या बाजूने. छप्पर मात्र तुम्ही उतरवता वर्षातून किती वेळा?

गंजोबा:
एकदा. तिघं लागतात, एकाची पाठ जाते, आणि ऑक्टोबरपर्यंत ते परत बसत नाही.

धुरळा:
जुलैत इमोजीन उघडला की या, मी पण येतो. बघू माथ्यावर कोण आधी.

गंजोबा:
येतो की. फक्त तुम्ही माझ्या मागे राहा, ऑइल गळतंय ते थांबलं की हॉर्न द्या, म्हणजे कळेल संपलं.