साठ हंगाम, एकच कोच

अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांत (अमेरिकन) फुटबॉलचा हेड कोच दोन-तीन वर्षांत बदलतोच, असं काहीजण म्हणतात. पुष्कळ ठिकाणी तसं असेलही, पण मिनेसोटा राज्यातलं सेंट जॉन्स हे कॉलेज बघा. 1950 ते 52 तिथे जॉनी 'ब्लड' मॅकनॅली कोच होते, ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघाचे गाजलेले खेळाडू. 1953 मध्ये जॉन गलार्डी आले, ते थेट 2012 पर्यंत! सगळ्या कारकिर्दीत मिळून 489 विजय, चार राष्ट्रीय विजेतेपदं. कॉलेज फुटबॉलमध्ये एवढे विजय दुसऱ्या कुणाचेच नाहीत.

आणि पद्धत काय, तर सरावात टॅकलिंग (समोरच्याला धरून खाली पाडणं) नाही, शिट्टी नाही, मैदानाला चकरा नाहीत. पोरांनी 'कोच' म्हणायचं नाही, नुसतं 'जॉन'. (आपल्याकडे सरांना नावाने हाक मारून दाखवा!) याचं मूळ कोलोरॅडोतल्या त्यांच्या शाळेत आहे. 1943 मध्ये शाळेचे कोच युद्धावर गेले आणि संघ सोळा वर्षांच्या कॅप्टनकडे, म्हणजे जॉनकडेच आला. त्याने नावडते व्यायाम बंद केले, सरावात पाणी प्यायला परवानगी दिली. तेव्हा पाणी पिणं म्हणजे नाजूकपणा समजत.

2013 मध्ये त्यांच्या जागी गॅरी फॅशिंग आले, तेही तिथलेच जुने सहाय्यक.